सोनोग्राफीत ‘४ए’ आलं: आता सुई लावायची का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, राहणार रामबाग, इंदूर. दीड महिन्यापूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नाही. सोनोग्राफीच्या इंग्रजी रिपोर्टमध्ये लिहिलंय: डावा स्तन, २ वाजता, स्तनाग्रापासून ४ सेंमी, १८ × ११ × १५ मिमी, हायपोएकोइक, ओव्हल, पॅरलल, मार्जिन एका जागी मायक्रोलोब्युलेटेड, बायरॅड्स ४ए. सर्जन म्हणतात मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि बायोप्सी (सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं) करा. सासूबाई म्हणतात सुई टोचली की ते पसरतं. ताईंचे प्रश्न दोन. दुसऱ्या सेंटरवर पुन्हा सोनोग्राफी करून बघू का? आणि सोनोग्राफीत नक्की कळणारच नव्हतं, तर ती करायला लावली कशाला?

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

स्तनाच्या सोनोग्राफीकडून तीन गोष्टी कळायला हव्यात. हाताला लागतंय तिथे खरोखर गाठ आहे, की दुधाच्या ग्रंथींचा नेहमीचाच उंचवटा बोटाखाली येतोय? गाठ असेल तर ती पाण्याची आहे की भरीव? आणि भरीव असेल तर दिसायला कितपत संशयास्पद? गाठीचं नाव ठेवणं हे काम सोनोग्राफीचं नाही. ते पॅथॉलॉजिस्ट तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करतो. आपल्याकडे गोंधळ भाषेमुळेही होतो. रिपोर्ट इंग्रजीत, काउंटरवर हिंदीतून ‘गठान है’ एवढंच सांगतात, आणि घरी येऊन आपण त्याचं मराठी करतो तोवर त्या एका शब्दात पाण्याची पिशवी, साधी फायब्रोअ‍ॅडिनोमा (कॅन्सर नसलेली भरीव गाठ) आणि कॅन्सर सगळंच जाऊन बसलेलं असतं. म्हणून रिपोर्टमधला एकेक शब्द सुटा करून पाहू.

‘२ वाजता’ म्हणजे स्तनावर घड्याळाची तबकडी ठेवली आहे असं धरायचं, तुमच्या समोर उभं राहून पाहणाऱ्याच्या नजरेनं. डाव्या स्तनात २ वाजता म्हणजे वरचा, काखेकडचा भाग. उजव्या स्तनात तीच जागा १० वाजता येते. त्यापुढे स्तनाग्रापासूनचं अंतर. हे दोन आकडे असले की सहा महिन्यांनी दुसरा कुणी डॉक्टर त्याच गाठीवर नेमका प्रोब (मशीनचं अंगावर फिरवायचं टोक) ठेवू शकतो. ‘डाव्या स्तनात १८ मिमीची गाठ’ एवढंच लिहिलेल्या रिपोर्टचा पुढच्या तपासणीला जवळपास काही उपयोग नसतो, कारण एकाच स्तनात तीन गाठी निघाल्या तर कोणती वाढली हे सांगणार कसं? तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे आहेत, तिन्ही मापं आहेत. रिपोर्ट नीट केलेला आहे.

‘हायपोएकोइक’ म्हणजे स्तनातल्या चरबीपेक्षा जास्त काळपट. यावरून फारसं काही ठरत नाही. बहुतेक फायब्रोअ‍ॅडिनोमा काळपट दिसतात, बहुतेक कॅन्सरही काळपटच दिसतात.

‘ओव्हल’ आणि ‘पॅरलल’ हे दोन शब्द तुमच्या बाजूचे. स्तनातले थर त्वचेला समांतर असतात: त्वचा, खालची चरबी, ग्रंथींचा थर, मागची चरबी, मग छातीचा स्नायू. साध्या गाठी थरांना बाजूला सारत आडव्या पसरतात, म्हणून रुंदी जास्त आणि उंची कमी. कॅन्सर थर फोडून वर-खाली घुसतो, त्यामुळे तो कधी कधी रुंदीपेक्षा उंच दिसतो. तुमची गाठ १८ मिमी आडवी आणि ११ मिमी उभी आहे.

घोडं अडलंय ते ‘मार्जिन’पाशी. काठ हा सोनोग्राफीतला सर्वात बोलका भाग. पूर्ण काठ गुळगुळीत आणि केसासारख्या चमकदार रेघेनं आखल्यासारखा असेल तर गाठ साधी असण्याची शक्यता फार मोठी. मायक्रोलोब्युलेटेड म्हणजे काठावर एक-दोन मिमीचे बारीक फुगवटे, सीताफळाच्या सालीसारखे. हे बारीक फुगवटे मोठ्या, सौम्य लाटेपेक्षा वेगळे. मोठ्या लाटा दोन-तीन असल्या तरी चालतात. अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट थॉमस स्टॅव्हरॉस यांनी १९९५ मध्ये ७५० भरीव गाठींचा अभ्यास मांडला, आणि त्यातून रुजलेला नियम आजही कामाचा आहे: गाठीत साधेपणाची चार लक्षणं असली आणि संशयाचं एकच असलं, तरी वजन त्या एकाला द्यायचं. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. आकार साधा, दिशा साधी, आणि काठाचा एक कोपरा खटकणारा. म्हणून ३ ऐवजी ४ए.

बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं ठरवलेली वर्गवारी. ० म्हणजे माहिती अपुरी, आणखी तपासणी हवी. १ म्हणजे काहीच नाही, २ म्हणजे नक्की साधं. ३ मध्ये कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत असते, तिथे सुई न लावता ६, १२ आणि २४ महिन्यांनी पाहतात. ४ पासून पुढे तुकडा तपासायचा. ४ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये ५० ते ९५, आणि ५ मध्ये ९५ टक्क्यांहून जास्त. ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला. थोडक्यात, तुमच्यासारखा रिपोर्ट आलेल्या दहापैकी किमान नऊ जणींची गाठ साधीच निघते. ‘चौथी स्टेज’ असा अर्थ काढून घरात रडारड होते ती वर्गवारी आणि स्टेज यांची गल्लत झाल्यामुळे. या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

आता पुन्हा सोनोग्राफी करावी का, याबद्दल. सोनोग्राफी एक्स-रेसारखी एकदा काढली की झालं अशी नसते. डॉक्टरचा हात जिथे फिरेल तेवढंच दिसतं. त्यामुळे ‘हे कसं केलं गेलं’ याला ‘काय दिसलं’ इतकंच महत्त्व आहे. चांगली तपासणी कशी होते हे कळलं, तर तुमची झाली ती पुरेशी होती का हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

प्रोब सपाट तोंडाचा, म्हणजे लिनियर असायला हवा, आणि फ्रिक्वेन्सी १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त. पोटाचा गोल तोंडाचा प्रोब ३ ते ५ मेगाहर्ट्झचा असतो, त्यावर स्तन पाहणं म्हणजे जाडा चष्मा काढून सुईत दोरा ओवणं. रुग्ण सपाट पाठीवर झोपलेली नसावी. ज्या बाजूचा स्तन पाहायचा त्या खांद्याखाली उशी किंवा पाचर, अंग थोडं विरुद्ध बाजूला कललेलं, आणि त्या बाजूचा हात डोक्याखाली. असं केल्यानं काखेकडचा जाड भाग पसरून पातळ होतो आणि आवाजाच्या लहरी थेट खालपर्यंत पोचतात. आतल्या बाजूचा, छातीच्या मध्याकडचा भाग पाहताना मात्र सपाट झोपवलेलं बरं. जाड स्तन नुसता पाठीवर झोपवून पाहिला तर बाहेरचा भाग बाजूला लोंबतो, आणि गाठी सर्वात जास्त निघतात त्या याच वरच्या-बाहेरच्या भागात.

मशीनवरची खोली एवढी ठेवायची की छातीचा स्नायू पडद्याच्या तळाशी दिसेल. फुफ्फुस दिसत असेल तर खोली जास्त झाली, गाठ विनाकारण लहान दिसते. फोकस गाठीच्या पातळीवर आणायचा. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, असा ठेवायचा की त्वचेखालची चरबी मध्यम राखाडी दिसेल. ही बटणं वरवर किरकोळ वाटतात, पण चुकीची निदानं इथूनच निघतात. गेन जास्त झाला तर साध्या पाण्याच्या पिशवीतही खोटे ठिपके भरतात आणि ती भरीव वाटते. कमी झाला तर काळपट भरीव गाठ पाणी म्हणून खपून जाते, आणि ही चूक पहिलीपेक्षा कितीतरी महाग पडते. पाणी आहे की नाही अशी शंका असेल तर मशीनमधली हार्मोनिक नावाची सोय चालू करून बघतात, खोटे ठिपके बरेचसे निघून जातात. उलट, अनेक कोनांतून चित्र एकत्र करणारं कंपाउंडिंग काठ सुंदर दाखवतं, पण गाठीमागचा उजेड किंवा सावली पुसट करतं. त्यामुळे मागचा भाग पाहायचा असेल तेव्हा ते बंद करायचं.

दाबाचंही तसंच. फार हलका हात ठेवला तर कूपर लिगामेंट, म्हणजे स्तनाला आधार देणारे पडदे, काळी सावली टाकतात आणि ती गाठीसारखी भासते. थोडं दाबलं किंवा प्रोब कलवला की सावली जाते. खऱ्या गाठीची सावली जात नाही. पण रक्तप्रवाह पाहण्यासाठी डॉप्लर लावला की तोच हात हलका करायचा, नाहीतर बारीक रक्तवाहिन्या दबून बंद होतात आणि ‘रक्तप्रवाह नाही’ असं खोटंच दिसतं.

भासमान गाठींचे आणखी तीन नमुने वारंवार भेटतात. चरबीचा एखादा गोळा ग्रंथींच्या मध्ये अडकला की एका दिशेनं हुबेहूब फायब्रोअ‍ॅडिनोमासारखा दिसतो. प्रोब जागच्या जागी ९० अंश फिरवला की तो लांब होत शेजारच्या चरबीला जाऊन मिळतो. खरी गाठ दोन्ही दिशांनी गाठच राहते. म्हणूनच प्रत्येक गाठीची चित्रं एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी घेतात, एकदा मापाच्या खुणांसह आणि एकदा त्यांच्याशिवाय, कारण खुणांचे फुल्याफुल्यांचे ठिपके नेमके काठावर पडतात आणि काठच झाकतात. दुसरा नमुना बरगडीचा. बारीक बाईच्या छातीत बरगडीचं आडवं छेद-चित्र गोल, काळपट, मागे सावली असं दिसतं. ती छातीच्या स्नायूच्या खाली आहे आणि थोड्या थोड्या अंतरावर तशीच दुसरीही आहे, हे पाहिलं की भीती संपते. तिसरा नमुना स्तनाग्रामागची सावली. तिथे हवा अडकते, ऊतक घट्ट असतं, लहरी आत जात नाहीत. भरपूर जेल घालून प्रोब बाजूनं तिरका लावला नाही तर त्या सावलीत खरी गाठ लपून राहू शकते. स्तनाग्रातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल तर ही जागा घाईत सोडून चालत नाही.

आणि सर्वात साधी, पण सर्रास सुटणारी गोष्ट: ‘गाठ कुठे लागते ते तुम्ही दाखवा’ असं विचारून बोट त्या जागी ठेवायला लावणं, आणि मग बोटाच्या जागी प्रोब ठेवून पडद्यावरची गाठ आणि हाताला लागणारी गाठ एकच आहे याची खात्री करणं. हाताला एक लागत असते आणि रिपोर्टमध्ये शेजारची, दुसरीच निघते, असं होऊ शकतं. उभं राहिल्यावर लागणारी गाठ झोपल्यावर हरवते म्हणून घरूनच बॉलपेननं खूण करून गेलात तरी कुणी हसणार नाही.

तर ताई, तुमच्या वेळी डॉक्टरांनी बोट ठेवायला लावलं होतं का? दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा पाहिल्या का? यात पंधरा-वीस मिनिटं गेली का? उत्तर ‘हो’ असेल तर दुसरी सोनोग्राफी पैसे आणि दिवस वाया घालवेल. दुसरीकडे ३ लिहून आलं तर मनाला बरं वाटेल, पण मग दोन रिपोर्ट हाती आणि निर्णय पुन्हा तुमच्याच गळ्यात. एका कोपऱ्याचा काठ कुणाला खटकला आणि कुणाला नाही, या वादाचा निकाल तिसऱ्या सोनोग्राफीनं लागत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर मात्र पुन्हा करा, पण बायोप्सी जिथे होणार त्याच ठिकाणी. तिथे सुई लावण्याआधी गाठ पुन्हा पाहिली जातेच.

मॅमोग्राफी कशाला, हेही विचारण्यासारखं आहे. तिशीच्या आत गाठ लागली तर आधी सोनोग्राफी, कारण त्या वयात स्तनात ग्रंथी दाट असतात, मॅमोग्राफीत सगळं पांढरं दिसतं आणि पांढऱ्यात पांढरी गाठ दडते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांतही सोनोग्राफीच आधी. चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. तिशी ते चाळिशी हा मधला पट्टा, कुठूनही सुरुवात करता येते. पण सोनोग्राफीत संशय आला की मॅमोग्राफी हवीच, कारण एक गोष्ट सोनोग्राफीला धड दिसत नाही: साखरेच्या कणांसारखे बारीक कॅल्शियमचे ठिपके. दुधाच्या नळीच्या आतच असलेला कॅन्सर पुष्कळदा एवढीच खूण ठेवतो. गाठ १८ मिमीची आणि तिच्याभोवती चार-पाच सेंमीपर्यंत असे ठिपके, हे चित्र नुसत्या सोनोग्राफीत सुटून जाईल आणि पुढचं सगळं नियोजन चुकेल.

उलट बाजूही सांगायला हवी. जपानमधल्या जे-स्टार्ट चाचणीत ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३ हजार बायका होत्या. २०१६ मध्ये छापून आलेल्या निकालात नुसत्या मॅमोग्राफीनं कॅन्सर पकडण्याचं प्रमाण ७७ टक्के होतं, सोनोग्राफी जोडल्यावर ९१ टक्क्यांवर गेलं. मात्र निरोगी बाईला ‘निरोगी’ ठरवण्याचं प्रमाण ९१.४ वरून ८७.७ वर आलं, म्हणजे खोट्या धोक्याच्या घंटा वाढल्या. म्हणून गाठ नसताना, त्रास नसताना, ‘एकदा करून टाकू’ म्हणून तरुण वयात दरवर्षी सोनोग्राफी करण्याच्या मी तरी बाजूचा नाही.

‘काठ एवढा चांगला आहे, मग सुई कशाला’ असं कुणी म्हणालं तर एक लक्षात ठेवा. ट्रिपल निगेटिव्ह नावाचा आक्रमक प्रकार तरुण वयात होतो, झपाट्यानं वाढतो, आणि पुष्कळदा गोलसर, बऱ्यापैकी गुळगुळीत, मागे उजेड असलेला दिसतो, साध्या गाठीचं सोंग घेतल्यासारखा. घरात आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा कधीही अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते सर्जनला आवर्जून सांगा. वडिलांकडची बाजूही तितकीच मोजली जाते, आपल्याकडे ती सांगायची राहून जाते.

सोंगाचा दुसरा अंकही आहे. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस आणि स्तनाचा क्षय हे दोन्ही कॅन्सर नाहीत, पण वेडावाकडा काठ, काळपट रंग, नळ्यांसारखे लांबत गेलेले फाटे, काखेत सुजलेल्या गाठी, सगळं कॅन्सरसारखंच. बाळंतपणानंतर दोन-चार वर्षांत, लालसर सूज, पू, भरून न येणारी जखम असेल तर या दोघांचा विचार करावा लागतो. तिथेही तुकडाच उत्तर देतो, आणि त्याचा एक भाग क्षयाच्या तपासणीसाठी फॉर्मॅलिनविना (तुकडा टिकवण्याचं रसायन), सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग त्यांची वाढ करून पाहता येत नाही.

पाण्याच्या पिशव्यांबद्दल थोडक्यातच, कारण तुमची गाठ ती नाही. आतून पूर्ण काळी, पातळ भिंत, मागे उजेड अशी सिस्ट म्हणजे वर्ग २, काहीच करायचं नसतं. दुखत असेल तर सुईनं पाणी काढतात. भिंतीला आतून जाड कोंब दिसला तर मात्र ती पाण्याची पिशवी म्हणून सोडायची नाही, आणि नुसतं पाणी काढून तर अजिबातच नाही. तुकडा त्या कोंबाचाच घ्यायचा.

काखेचं तुमच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते प्रश्नात नाही. तिथली निरोगी गाठ लांबट असते, मध्ये चरबीचा पांढरा गाभा आणि कडेला पातळ काळी साल. ही साल ३ मिमीपेक्षा जाड, किंवा एकाच बाजूला फुगलेली, किंवा मधला पांढरा गाभा गायब असेल तर त्याच बैठकीत तिथूनही नमुना घेतात. काखेबद्दल एक ओळही लिहिलेली नसेल तर विचारा.

काही सेंटरवर रंगीत इलास्टोग्राफी करून ‘गाठ मऊ आहे’ असं लिहून देतात. गाठ किती कडक हे त्यातून कळतं, आणि ३ व ४ए यांच्या सीमेवर ते कामी येतं. पण प्रोब जास्त दाबून धरला की मऊ ऊतकही कडक दिसतं. काठ खटकत असताना ‘मऊ आहे’ एवढ्यावर बायोप्सी टाळायची नाही.

आता सुई. तुमच्यासाठी ‘कोअर बायोप्सी’च मागा, एफएनएसी नको. एफएनएसीच्या बारीक सुईनं सुट्या पेशी येतात. त्यावरून कॅन्सर नळीच्या आत आहे की बाहेर पडलाय हे कळत नाही, आणि पेशी पुरेशा आल्या नाहीत तर सगळं पुन्हा. कोअरला १४ गेजची, स्प्रिंगच्या गनवर बसणारी सुई वापरतात आणि काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक असे अखंड तुकडे मिळतात.

होतं ते असं. सोनोग्राफीवर गाठ समोर ठेवून जागा स्वच्छ करतात. लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणारं, इंजेक्शन आधी त्वचेत, मग सुई जाणार त्या वाटेवर गाठीच्या कडेपर्यंत, एकूण ५ ते १० मिली. पहिला चटका एवढाच काय तो त्रास. त्वचेला दोन-तीन मिमीचा छेद देऊन सुई प्रोबच्या लांबीला समांतर आत नेतात, म्हणजे टोकापासून शेवटपर्यंत ती पडद्यावर दिसत राहते. सुई छातीच्या भिंतीला समांतर, आडवी ठेवायची हा नियम मोडायचा नाही; गन सुटल्यावर सुई साधारण २ सेंमी पुढे उडी मारते आणि खाली फुफ्फुस असतं. गन सुटताना स्टेपलरसारखा मोठा ‘खट्’ आवाज होतो. तो आधी ऐकवून दाखवा म्हणा, नाहीतर दचकून हलायला होतं. गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून ३ ते ५ तुकडे घेतात, त्यात खटकणारा कोपरा आलाच पाहिजे. सुई गाठीच्या आत असल्याचं चित्र जपून ठेवतात. मग १० मिनिटं दाबून धरायचं, घाईनं सोडलं तर निळंजांभळं होतं.

तुकडे लगेच, तासाभराच्या आत, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवेत आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवेत. कारण कॅन्सर निघालाच तर याच तुकड्यांवर हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या पेशींतल्या प्रथिनांची तपासणी होते, आणि तुकडा आधी वाळला किंवा नीट मुरला नाही तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्यावरून औषध ठरतं. आपल्याकडे डबी नातेवाइकांच्या हातात देऊन ‘लॅबमध्ये पोचवा’ म्हणतात. चालतं, पण डबीत फॉर्मॅलिन तुकड्यांच्या दहापट तरी आहे, वर नाव, डावी-उजवी बाजू आणि तुकडा घेतल्याची वेळ लिहिली आहे, एवढं पाहूनच डबी हातात घ्या. शनिवारी संध्याकाळी घेतलेला तुकडा सोमवारपर्यंत गाडीच्या डिकीत राहू देऊ नका.

सासूबाईंना सांगा की त्यांची भीती जुनी आहे आणि ती का पडली हेही कळतं. सुई झाली, मग महिने काहीच केलं नाही आणि आजार वाढला, तर दोष सुईच्या माथी जातो. सुईच्या वाटेत चार पेशी सरकल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं कधी कधी, पण त्यामुळे आजार फैलावल्याचं किंवा आयुष्य घटल्याचं आढळलेलं नाही. खरा तोटा उलट बाजूला आहे. निदान न करता गाठ सरळ कापून काढली आणि ती कॅन्सर निघाली, तर पुन्हा ऑपरेशन लागतं. आणि साधी निघाली, तर सुईनं भागलं असतं तिथे विनाकारण व्रण.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की तो घेऊन सोनोग्राफी करणाऱ्याकडे परत जा, थेट सर्जनकडे नको. चित्र आणि तुकडा जुळतात का हे त्यानं पाहायचं असतं. ४ए ला ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ आलं तर जुळलं. सहा महिन्यांनी एकदा पाहायचं, आणि व्यास २० टक्क्यांहून जास्त वाढला तर काढून टाकायचं, कारण फायलॉइड्स नावाची गाठ सुरुवातीला फायब्रोअ‍ॅडिनोमासारखीच दिसते आणि भराभर वाढते. ‘नॉर्मल स्तनाचं ऊतक’ असं आलं तर आनंद मानू नका, १८ मिमीच्या गाठीत नॉर्मल ऊतक नसतं. सुई चुकली, पुन्हा घ्यायची. आणि कॅन्सर आला व आधी केमोथेरपी ठरली, तर केमो सुरू होण्यापूर्वी गाठीत धातूची बारीक क्लिप ठेवायला सांगा. औषधानं गाठ विरघळली की सर्जनला जागा सापडत नाही.

बायोप्सीला जाण्याच्या दिवशी उपाशी राहायचं नाही, पोटाची सोनोग्राफी नव्हे ही. सकाळी पोहे-जलेबी खाऊन गेलात तरी चालेल. एकसंध गाऊन किंवा वन-पीस नको, वरचा कपडा वेगळा काढता येईल असं घाला. मॅमोग्राफी त्याच दिवशी असेल तर काखेत पावडर, डिओ लावू नका, त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमसारखे चमकतात. गाठ आहे म्हटल्यावर पाळीची वाट पाहण्यात अर्थ नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका. जुनी चित्रं सोबत न्या. थर्मल कागदावरची चित्रं वर्षभरात पुसट होतात, म्हणून या वेळी पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर मागून घ्या. दारात गर्भलिंग तपासणी होत नाही असा फलक दिसेल आणि गरोदर आहात का विचारून कागद भरून घेतील. १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंद असते, तुमच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. त्याच कायद्यामुळे मशीन उचलून गल्लीतल्या शिबिरात नेणं सोपं राहिलेलं नाही.

परत आल्यावर घट्ट बसणारी ब्रा रात्रीही घालून ठेवा, रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा, आणि दुखलं तर पॅरासिटामॉल. एक-दोन दिवस पाण्याची बादली, कणकेचा मोठा गोळा, गॅसची टाकी यांना डावा हात लावू नका. जागा निळी पडेल, ती दोन आठवड्यांत पिवळी होऊन जाईल. पट्टीतून रक्त थांबतच नसेल, स्तन फुगत चालला असेल, ताप आला किंवा दम लागला, तर सकाळची वाट न पाहता जिथे बायोप्सी झाली तिथे फोन करा, आणि दम लागत असेल तर सरळ जवळच्या मोठ्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत जा.